वादळी हवेत गाड्यांचे फोटो: ढगाची कड, गाडीचा दिवा आणि आपण उभे राहतो ती जागा

रुळांकाठी

वादळातला रेल्वेचा फोटो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर वीज येते. गाडी धावते आहे आणि तिच्या मागे आभाळ फाटलंय, असं काहीतरी. मला त्यापेक्षा वेगळं सांगायचंय. वादळी फोटोचा खरा ऐवज वादळाच्या कडेला असतो, म्हणजे पाऊस पोचण्याआधीची काही मिनिटं आणि तो सरकून गेल्यावरची काही मिनिटं. मधल्या धुवांधार वेळात बहुधा राखाडी पडद्यापलीकडे काही दिसत नाही, आणि बाहेर उभं राहायची ती वेळही नसते.

पाऊस येण्याआधी काय होतं ते पाहा. मोठ्या गडगडाटी ढगातून थंड, जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि पावसाच्या पुढे पुढे पसरत जाते. ही थंड हवा समोरच्या उबदार दमट हवेला वर ढकलते, आणि तिथे ढगाचा एक लांबलचक, खाली ओथंबलेला, काळसर पट्टा तयार होतो. आडव्या फळीसारखा दिसणारा हा पट्टा डोक्यावर येईपर्यंत तुमच्या पाठीमागचं आभाळ अनेकदा उघडंच असतं. गाडीच्या तोंडावर स्वच्छ उजेड आणि मागे शाईसारखं आभाळ! रंगवलेला डबा अशा वेळी जितका उठून दिसतो तितका भर उन्हातही दिसत नाही.

दुसरी संधी वादळ पुढे गेल्यावर. सूर्य खाली असेल तर ढगाच्या बुडाखालून तिरपं ऊन येतं. तुमची पाठ सूर्याकडे आणि पाऊस समोर असला की इंद्रधनुष्याची शक्यता. आपल्या डोक्याच्या सावलीची दिशा धरली तर तिच्यापासून साधारण ४२ अंशांवर कमान पडते. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल, तर सपाट जमिनीवरून ती दिसतच नाही, त्यामुळे भर दुपारी वाट पाहू नये. कमान कुठे पडणार हे आधीच कळत असल्याने रुळांच्या कुठल्या बाजूला थांबायचं तेही आधी ठरवता येतं. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा फिरता फिल्टर, लावला असेल तर फिरवून बघा. एका कोनात रंग गडद होतात, दुसऱ्या कोनात कमान जवळपास पुसली जाते.

जागा निवडताना मी तीनच गोष्टी बघते. रडारवर ढग कुठून कुठे सरकतोय, रूळ त्या दिशेशी कसे आहेत, आणि चार पावलांवर पक्कं छप्पर आहे का. तिसरी गोष्ट जमत नसेल तर पहिल्या दोन कितीही छान जुळल्या तरी ती जागा मी सोडते. गाड्यांची वर्दळ असलेला मार्ग घ्यावा हे ओघानं आलंच. ढग वेळापत्रक पाळत नाही, आणि वादळात गाड्याही पाळत नाहीत. वारा वाढला की वेग कमी करतात, पुलाआधी थांबवतात.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. काळा ढग दिसला की कॅमेरा त्याला उजळ करायला जातो, आणि गाडीचा दिवा फ्रेममध्ये आला की उलट सगळंच काळवंडून टाकतो. एकाच गाडीच्या चार फ्रेम चार तऱ्हेच्या निघतात. ढगाचा उजळ भाग जळणार नाही इतकं धरून ठेवा आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्या. सुरुवातीचा अंदाज म्हणून एफ/४, शटर १/१०००, आयएसओ १६०० चालेल. तिथून उजेडाप्रमाणे वरखाली. फोकसही आधीच रुळावरच्या ठरलेल्या जागी लावून बंद करावा, कारण पाऊस सुरू झाला की ऑटोफोकस समोरच्या थेंबांत नाहीतर दिव्याच्या झगमगाटात चाचपडत राहतो.

तुमचे अनुभव, मतभेद, सगळं येऊ द्या.

---

मेघमापक

उत्तम धागा. वादळाच्या कडेबद्दल अगदी सहमत, पण त्या कडेलाच एक धोका लपलेला असतो आणि तो ठळकपणे लिहायला हवा. वीज पावसाच्या पुढे पडते. ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, डोक्यावर निळं आभाळ असतानाही ती पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे तुम्ही ज्या मिनिटांना सोन्याची म्हणताय, त्यांतली काही विजेच्या टप्प्यात असतात.

आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर जातो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी लागले, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा आत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. हा जुना, साधा नियम आहे आणि तो फोटोसाठी मोडू नये. वारा गडगडाटाच्या आवाजाविरुद्ध वाहत असेल तर आवाज उशिरा किंवा अजिबात ऐकू येत नाही, हेही धरून चाला. शंका आली की मोजत बसू नका.

आत म्हणजे पक्की इमारत किंवा धातूच्या छताची बंद मोटार. झाडाखाली, चारी बाजूंनी उघड्या शेडखाली, कुंपणाच्या तारेला टेकून, पुलाच्या लोखंडी कठड्याशी उभं राहणं म्हणजे आत नव्हे. रूळ स्वतः लांबच लांब धातू आहेत. दूर कुठेतरी पडलेल्या विजेचा प्रवाह त्यांतून वाहत येऊ शकतो.

---

रुळांकाठी

मेघमापक, मनापासून धन्यवाद. छपराची अट मी याचसाठी घातली होती, पण ३० मिनिटांचं तुम्ही जितकं स्पष्ट लिहिलंत तितकं मी लिहिलं नव्हतं. पुष्कळ चांगले फोटो आतूनच निघतात हेही सांगते. स्थानकाच्या इमारतीची खिडकी, बंद पादचारी पुलाची काच, थांबवलेली मोटार. काचेला लेन्स हूड टेकवला, भोवती काळं कापड धरलं की प्रतिबिंब येत नाही. काचेवरचे ओघळ फोकसबाहेर ठेवून पलीकडची गाडी टिपली तर तोही वादळाचाच फोटो होतो.

---

पाचवा_डबा

वाचनखूण साठवली. ओल्या प्लॅटफॉर्मवरच्या प्रतिबिंबांबद्दलही कुणीतरी लिहा.

---

कर्षणतार

विजेच्या गाड्यांच्या मार्गावर फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. विषय रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा लांबेल.

अनेक देशांत ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागावा लागत नाही. पुरेसं जवळ काही नेलं तर प्रवाह हवेतून उडी मारतो. ओली छत्री, उंच केलेला मोनोपॉड, काठीवर लावलेला मोबाईल, वायरवरून जाणाऱ्या पुलावरून बाहेर काढलेला ट्रायपॉड, या सगळ्यांनी हे अंतर कमी होतं, आणि ओल्या वस्तू वीज वाहून नेतात. प्लॅटफॉर्मवर आणि पुलावर कॅमेरा डोळ्याच्या उंचीपेक्षा वर नेऊ नका. वादळात झाडाची फांदी पडून वायर तुटलेली दिसली तर ती बंदच असेल असं समजू नये. तिच्यापासून आणि तिला टेकलेल्या प्रत्येक वस्तूपासून दूर राहा आणि लगेच रेल्वे कर्मचाऱ्यांना कळवा.

छत्रीबद्दल आणखी एक. गाडी वेगात जाते तेव्हा तिच्याबरोबर हवेचा झोत येतो. त्यात वादळी वाऱ्याची भर पडली की उघडी छत्री हातातून सुटते आणि रुळांकडे ओढली जाते. रेनकोट बरा. पण लाल, हिरवा, किंवा रुळांवरच्या कामगारांच्या जाकिटासारखा झगझगीत नारिंगी-पिवळा नको. अंधारलेल्या हवेत चालकाला रंग आधी दिसतो, माणूस नंतर. रेल्वेच्या खुणांमध्ये लाल कापड किंवा जोरजोरात हलवलेला हात हा थांबण्याचा इशारा मानला जातो. मित्राला हाका मारायला हात हलवाल आणि पलीकडे एखादा चालक आपत्कालीन ब्रेक लावेल. ओल्या रुळावर गाडी थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर घेते.

फ्लॅश बंद. यावर चर्चाच नको. काळोखात पावसाच्या थेंबांवरून उसळलेला झोत चालकाचे डोळे क्षणभर दिपवतो, आणि त्याच क्षणी पुढचा सिग्नल असू शकतो.

आणि कान. वाऱ्यापावसात विजेची गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. "आवाज आला की बाजूला होऊ" हा हिशोब वादळात चालत नाही. कुंपणाच्या आत, रुळांलगत, पुलाच्या पायवाटेवर जायचंच नाही. जिथे सर्वांना उभं राहायची परवानगी आहे तिथूनच काय ते.

---

नवखी_नजर

कर्षणतार, रंगांचं मला अजिबात माहीत नव्हतं. माझा रेनकोट लालच आहे, बदलते.

एक प्रश्न: पावसाच्या धारा दिसायला हव्यात असं मला वाटतं, पण माझ्या फोटोत पाऊस कुठे जातो कळत नाही. सगळं नुसतं धुरकट दिसतं.

---

सावकाश_शटर

नवखी, यात दोन गोष्टी आहेत, शटर आणि पार्श्वभूमी.

मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगानं पडतो. १/१००० ला तो एक सेंटीमीटरही सरकत नाही, म्हणून ठिपका होऊन हरवतो. १/६० ला साधारण १५ सेंटीमीटरची रेघ होते, आणि तीच आपल्याला "धार" वाटते. पण १०० किलोमीटर वेगाची गाडी १/६० मध्ये जवळजवळ अर्धा मीटर पुढे जाते. म्हणजे धार हवी तर गाडी पुसट, गाडी हवी तर धार गायब. यावर उपाय म्हणजे थांबलेली किंवा नुकतीच हललेली गाडी. स्थानकातून सुटणारी, सिग्नलला उभी असलेली, वळणावर हळू झालेली. दूरवरून थेट आपल्याकडे येणाऱ्या गाडीची हालचालही चौकटीत कमी दिसते, तिथे १/१२५ पर्यंत उतरून पाहायला हरकत नाही.

पार्श्वभूमी गडद असू द्या. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस कधीच दिसत नाही. बोगद्याचं तोंड, दाट झाडी, पुलाची सावली यांच्यासमोर दिसतो. आणि उजेड मागून किंवा बाजूनं यायला हवा. गाडीचा दिवा हे काम फुकट करून देतो. वळणावर इंजिन थोडं तिरकं असताना दिव्याच्या झोतातला प्रत्येक थेंब पेटतो. दिवा थेट लेन्समध्ये आला की मात्र सगळं पांढरं, म्हणून तो तिरका असतानाच फ्रेम घ्यायची.

आता विजेबद्दल, कारण धागाकर्तीनं तिला जरा बाजूला सारलंय आणि मला ती आवडते. रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १०० किंवा २००, एफ/८ च्या आसपास, शटर १० ते २० सेकंद उघडं, अशा फ्रेम एकामागून एक घेत राहायच्या. हे सगळं पक्क्या इमारतीच्या आतून, काचेमागून. दिवसा इतका वेळ शटर उघडं ठेवता येत नाही, तेव्हा लाइटनिंग ट्रिगर लागतो. चमक दिसल्यावर कॅमेरा उघडतो तर वीज हातून सुटत कशी नाही, असं विचारतात. एका चमकेत बहुधा एकाच वाटेनं तीन-चार झटके येतात आणि त्यांच्यात सेकंदाचे काही शतांश जातात. पहिला झटका ट्रिगरला जागं करतो, पुढचे फोटोत येतात. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र बंद ठेवा. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे चमक चौकटीच्या एका पट्ट्यातच उजळते, आणि वेगातली गाडीही तिरकी झुकलेली दिसते.

रात्री २० सेकंदांत ६० च्या वेगानं जाणारी गाडी तीनशेहून जास्त मीटर जाते, म्हणजे तिची नुसती प्रकाशाची रेघ उरते. गाडी गाडीसारखी दिसायला हवी असेल तर ती उभीच असावी लागते. किंवा तिची वेगळी फ्रेम घेऊन, त्याच ट्रायपॉडवरून दहा मिनिटांनी आलेल्या विजेच्या फ्रेमशी जोडावी लागते. मी तसं करतो.

---

पाचवा_डबा

सावकाश_शटर, बाकी सगळं मान्य, पण शेवटचं पटलं नाही. गाडी गेली आणि वीज नंतर पडली. म्हणजे ती वीज त्या गाडीच्या मागे कधीच नव्हती. एकाच जागेवरून घेतल्यानं क्षण एक होत नाही. रेल्वेच्या फोटोला मी नोंद मानतो: अमुक गाडी, अमुक जागा, अमुक हवा. त्यात आपण घडलेलं बदलायला लागलो तर पुढे कुणी कशावर विश्वास ठेवावा?

---

सावकाश_शटर

तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच खाली प्रत्येक वेळी "दोन फ्रेम जोडून" असं लिहितो. एकच शटर २० सेकंद उघडं ठेवलं तरी त्यात गाडी आधी आणि वीज नंतर येऊ शकते, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मग दहा मिनिटांना का? सीमा कुठेतरी आहे हे मान्य. ती कुठे, यावर मतं वेगळी असणार.

---

रुळांकाठी

मी इथे पाचवा_डबा यांच्या बाजूची आहे. २० सेकंद उघडं असलेलं शटर जे घडलं ते साठवतं, आपण निवड करत नाही. जोडलेल्या फोटोत आपण निवडतो. लिहून जोडलं तर फसवणूक नाही, हे खरंच. पण फोटो मजकुरापासून तुटून फिरतो तेव्हा ती ओळ मागे राहते आणि चित्र पुढे जातं. मला तर विजेविना ढगाच्या पट्ट्याखालून येणारी गाडीच पुरेशी वाटते.

---

खारा_वारा

समुद्रकाठच्या रुळांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात डॉलिशजवळ कडे आणि समुद्र यांच्या मधून, भिंतीच्या आधारानं मार्ग जातो. इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी आखलेला हा मार्ग १८४६ मध्ये सुरू झाला. वादळात लाटा भिंतीवरून उसळून अख्ख्या गाडीवर कोसळतात, आणि जगभरचे फोटोग्राफर तिथे ओढले जातात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात भिंत फुटली, खालची जमीन वाहून गेली आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. मार्ग पुन्हा ४ एप्रिल २०१४ ला सुरू झाला. लोंबकळणाऱ्या रुळांचे ते फोटो पाहिले की समुद्राच्या ताकदीबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. तिथे काही गाड्यांच्या छतावरच्या ब्रेक-रेझिस्टरवर खारं पाणी पडून त्या बंद पडल्याचेही प्रकार झाले आहेत.

अशा जागी भरतीची वेळ आणि वाऱ्याची दिशा दोन्ही बघाव्या लागतात. भरती असून वारा जमिनीकडून असेल तर लाट उसळत नाही. लांब पल्ल्याची लेन्स घेऊन दुरून, उंचावरून काढा. दुरून काढल्यानं लाट आणि गाडी एकमेकांजवळ आल्यासारख्या दिसतात, आणि माणूसही सुरक्षित राहतो. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं कॅमेरा पुसा, मग कोरड्यानं. नुसत्या कोरड्यानं मीठ काचेवर घासलं जातं.

---

ओलं_भिंग

पुसण्यावरून आठवलं. लेन्स हूड कायम लावा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा, अर्धं काम होतं. "वेदर सील" म्हणजे पाण्यात चालणारा कॅमेरा नव्हे. बटणांच्या आणि माउंटच्या फटींतून शिंतोडे आत जाऊ नयेत इतकीच ती सोय असते. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स प्रत्येक वेळी आत हवा खेचते, आणि दमट हवेत ती ओल घेऊनच येते. म्हणून पावसात लेन्स बदलायची नाही आणि झूमही कमी हलवायची. प्लॅस्टिकची पिशवी, पुढे भोक, हूडभोवती रबरबँड, एवढ्यावर छान भागतं.

वातानुकूलित जागेतून एकदम दमट हवेत आलात की काच धुकटते, अगदी गाडी येण्याच्या वेळी. कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. परतल्यावर मात्र ओला कॅमेरा बॅगेत कोंडू नका. बॅटरी, कार्ड काढून सगळी झाकणं उघडी ठेवून सुकवा, मग सिलिका जेलबरोबर बंद डब्यात. भिंगावर बुरशी धरली की आतलं लेपन कायमचं खराब होऊ शकतं.

ट्रायपॉडला वजन म्हणून बॅग लटकवतात ती वाऱ्यात झुलते आणि उलट कॅमेराच हलवते. बॅग जमिनीला टेकेल इतकी खाली असावी. मधला दांडा वर काढू नये.

---

जुन्या_पाट्या

चित्रकलेतलं एक उदाहरण देतो, कारण धागाकर्तीच्या म्हणण्याशी ते जुळतं. इंग्रज चित्रकार टर्नरनं १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत पाऊस, वाफ आणि वेग या नावाचं चित्र मांडलं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी पुलावरून पावसात येते आहे. आता ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात जवळजवळ सगळं विरघळलेलं आहे: नदी, आकाश, डबे. ठसठशीत काय, तर इंजिनाचं काळं धुराडं. तेवढ्यावर नजर अडकते आणि बाकीचा पाऊस आपण आपोआप पाहतो. पावसाळी फ्रेममध्ये सगळं स्पष्ट करण्याची धडपड मी यामुळे सोडली. इंजिनाचं तोंड तेवढं धारदार ठेवतो, उरलेलं धुरकट राहू देतो. एडिटिंगमध्ये धुरकटपणा काढणारं "डिहेझ" ओढून पाऊस पुसून टाकणाऱ्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

दुसरं उदाहरण फोटोग्राफर ओ. विन्स्टन लिंक यांचं. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री टिपली, असंख्य फ्लॅश-बल्ब तारांनी जोडून एकाच क्षणी पेटवत. रेल्वेच्या सहकार्यानं केलेलं काम होतं ते, आज कुणी फ्लॅश घेऊन निघू नये. पण बाजूनं आलेल्या उजेडात वाफ कशी पांढरीशुभ्र उभी राहते ते त्या फोटोंत बघा. पाण्याच्या कणांचा हाच स्वभाव पावसातही आहे, सावकाश_शटर यांनी दिव्याबद्दल लिहिलंय तेच.

---

नवखी_नजर

खूप काही मिळालं. शेवटचं विचारते. माझ्याकडे सध्या फक्त मोबाईल आहे. थांबू का कॅमेरा येईपर्यंत?

---

रुळांकाठी

मुळीच थांबू नका. मोबाईलची रुंद लेन्स ढगाच्या पट्ट्यासाठी छानच असते. आभाळाला चौकटीचा दोन-तृतीयांश भाग द्या आणि गाडी खाली लहान येऊ द्या. बोटानं ढगाच्या उजळ भागावर एक्स्पोजर लॉक करा, थोडं खाली ओढा. रात्रीचा मोड धावत्या गाडीसाठी बंद ठेवा, तो अनेक फ्रेम जोडतो आणि डबे फाटल्यासारखे दिसतात. प्रत्येक वेळी लेन्स पुसा, ओल्या बोटाचा ठसा गाडीच्या दिव्याचा पसारा करून टाकतो.

आणि पाचवा_डबा, प्रतिबिंबांचं राहिलंच होतं. पाऊस थांबल्यावर, वर मेघमापक यांनी सांगितलेली ३० मिनिटं होऊ द्या. पाणी तेवढ्यात सुकत नाही. मग कॅमेरा जवळजवळ फरशीला टेकवून धरा, पिवळ्या पट्टीच्या बऱ्याच आत राहून. संध्याकाळी आभाळ निळं असतं आणि स्थानकाचे दिवे लागलेले असतात, तेव्हा थांबलेल्या गाडीच्या खिडक्यांची रांग ओल्या फरशीत पूर्ण उतरते. १/६० च्या आसपास ठेवलंत तर एलईडी पाट्यांवरची अक्षरंही तुटत नाहीत. वाऱ्यानं डबक्यावर तरंग उठत असतील तर दोन झुळुकांच्या मधला वेळ धरायचा.